विक्षिप्त रूढींचा जमाखर्च

पाटीलकीचा तंटा आहे. दोन घराणी हक्क सांगत आहेत. कागद जळालेले, जाणते साक्षीदार मेलेले, आणि जे उरले ते आपापल्या सोयऱ्यांचे. गोतसभा बसते, वाद संपत नाही, मग ठरते : रवा काढावा. कढईत तेल-तूप कढते, त्यात धातूचा तुकडा टाकतात. दावेदाराचा हात धुऊन, नखे काढून आधी तपासलेला असतो. तो तुकडा बाहेर काढतो. हाताला पिशवी बांधून वर मोहर करतात. काही दिवसांनी पिशवी उघडायची. हात पोळलेला नसेल तर पाटीलकी त्याची.

मराठेशाहीतल्या या दिव्यांच्या हकिकती वाचून आजचा वाचक दोनपैकी एक गोष्ट करतो. एक तर हसतो, नाहीतर 'त्या काळी माणसे सत्याला भीत' असा उसासा टाकतो. मला दोन्ही प्रतिक्रिया आळशी वाटतात. हसणाऱ्याने आपले पूर्वज मूर्ख होते असे गृहीत धरले आहे, उसासणाऱ्याने ते संत होते असे. ज्या माणसांनी वतनाच्या दाव्यात पिढ्यानपिढ्या एकेका मानपानासाठी भांडण चालू ठेवले, ती यांपैकी काहीच नव्हती. ती हिशेबी होती, आणि हिशेबी माणसे शेकडो वर्षे कढईत हात घालण्याची पद्धत चालवतात तेव्हा त्या पद्धतीतून काय साधत होते, हे विचारणे भाग आहे.

हा प्रश्न विचारण्याची खोड अर्थशास्त्राला आहे. शिकागोच्या गॅरी बेकर यांनी लग्न, गुन्हा, अपत्ये यांना मागणी-पुरवठ्याच्या चौकटीत बसवले तेव्हा पुष्कळांनी नाके मुरडली. १९९२ साली त्यांना त्याच कामासाठी नोबेल मिळाले. जॉर्ज मेसन विद्यापीठाचे पीटर लीसन त्याच वाटेने आणखी आडरानात शिरले : समुद्री चाचे, शाप, आणि युरोपातली दिव्ये. दिव्याबद्दल त्यांचे म्हणणे असे. देव निर्दोष माणसाला वाचवतो यावर लोकांची श्रद्धा आहे असे धरा. मग खरा गुन्हेगार दिव्याला तयारच होणार नाही. तो कबुली देईल किंवा तडजोड करील. तयार होईल तो बहुधा निर्दोष. हे दिव्य घेणाऱ्या पुरोहितालाही कळते, म्हणून तो लोखंड थोडे निवू देतो. तत्कालीन हंगेरीतल्या व्हाराद येथील तेराव्या शतकाच्या पूर्वार्धातली नोंदवही उपलब्ध आहे. तापलेले लोखंड उचलण्याचे दिव्य ज्यांनी पुरे केले अशा २०८ जणांपैकी १३० जण निर्दोष ठरले. कातडीला धर्मशास्त्र कळत नाही. लोखंड खरोखर लाल असते तर हा आकडा आला नसता.

ही मांडणी मला मोलाची वाटते ती तिच्या चतुराईमुळे नव्हे. ती खोटी पडू शकली असती, म्हणून. नोंदवहीत १३० ऐवजी १० निर्दोष निघाले असते तर लीसन यांना आपला सिद्धांत गुंडाळावा लागला असता. आणि म्हणूनच तो जसाच्या तसा उचलून आपल्या कढईला लावणे मला पटत नाही. व्हारादला दिव्य चर्चच्या आवारात, पुरोहिताच्या हाती होते. आपल्याकडे भोवती गोत, देशमुख, देशपांडे, सरकारी माणसे आणि विरुद्ध पक्षाचे जळते डोळे. आच कमी करणारा हात इतक्या नजरांतून कसा सुटणार? सिद्धांताचा उत्तरार्ध इथे लंगडतो. पूर्वार्ध मात्र तपासता येतो. आपल्या धर्मशास्त्रानेही दिव्य सांगितले ते मानवी पुरावा नसेल तेव्हाच, म्हणजे जिथे खरे काय ते फक्त दावेदारालाच ठाऊक असते तिथे. वि. त्र्यं. गुण्यांनी १९५३ साली मराठ्यांच्या न्यायपद्धतीवरच्या ग्रंथात या निवाड्यांचा अभ्यास मांडला. दिव्य ठरल्यावर किती जणांनी माघार घेतली आणि किती कढईपर्यंत गेले, एवढे मोजले तरी लीसन यांचा मराठी कस लागेल.

आता पूर्वपक्षांकडे वळू. पहिला म्हणतो, हे सारे माणसाला वाणी समजणे आहे. श्रद्धा, लाज, माया यांना जमाखर्चात ओढून तुम्ही त्यांचा अपमान करता. हा आक्षेप ऐकायला उदात्त आहे, पण त्याने सिद्धांत नीट वाचलेला नाही. वरच्या हिशेबात श्रद्धा हेच भांडवल आहे. ती काढून घेतली की गुन्हेगारही निवांत हात पुढे करील. देवराईचे पाहा. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला तेव्हा अनेक ठिकाणी काडीही उचलायची नाही असा दंडक आढळला. 'दरसाल दोन भारे न्या' हा नियम वरवर शहाणपणाचा दिसतो; पण त्याला भारे मोजणारा, वहीत लिहिणारा आणि लाच न घेणारा माणूस लागतो. 'काहीच नेऊ नका' याला काहीच लागत नाही. त्या बाजूने मोळी घेऊन येणारा दिसला की तो चोर. राखण देव करतो. पण नियम इतका कडक का, मोजमापाचा का नाही, हे देवाने सांगितलेले नसते. ते हिशेबाने कळते. यात देवाचा अपमान कुठे झाला?

दुसरा पूर्वपक्ष उलट टोकाचा, आणि मला तो अधिक धोक्याचा वाटतो, कारण तो आपल्या बाजूचा भासतो. त्याचे म्हणणे, प्रत्येक रूढीमागे काहीतरी शास्त्र असतेच. आपल्याकडे व्हॉट्सॲपवर हे शास्त्र रोज सकाळी येते. विद्वानांतही ते येते. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ मार्विन हॅरिस यांनी १९६६ साली मांडले की भारतातली गोपूजा ही अविवेकी नाही. शेण, बैल, दूध यांचा हिशेब केला तर गाय न मारणेच शहाणपणाचे. त्याला उत्तर पुण्यातून गेले. गोखले संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी १९६९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त या युक्तिवादाचा समाचार घेतला. निरुपयोगी, अर्धपोटी जनावरांचा भार हा काही कोणी काढलेला इष्टतम आकडा नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. गाईचा वाद इथे वाढवत नाही. तो आज अर्थशास्त्राच्या हाती राहिलेलाही नाही. पण त्यातून एक शिस्त मिळते. 'आहे, म्हणजे उपयोगी असणारच' हे स्पष्टीकरण नव्हे. ते कधी खोटे पडूच शकत नाही, म्हणून ते काही सांगतही नाही. रूढी टिकण्याचे कारण उपयोग असू शकते, तसेच ती मोडण्याचा खर्च एकट्यावर पडतो आणि फायदा सर्वांना होतो, हेही असू शकते. हुंडा कोणाला परवडतो म्हणून टिकलेला नाही.

आता या पद्धतीचे सर्वांत भक्कम उदाहरण : चाचे. मी मुद्दाम अठराव्या शतकातल्या अटलांटिकवरच्या चाच्यांबद्दल बोलतो आहे. इंग्रजांनी कान्होजी आंग्र्यांनाही चाचा म्हटले. पण सरखेलांच्या मागे राज्य होते, दस्तके होती, वसुलीचा हक्क सांगितला जात होता. तो निराळा विषय.

अटलांटिकवरच्या चाच्यांमागे कोणतेच राज्य नव्हते, समोर फक्त फाशी होती. तरी बार्थोलोम्यू रॉबर्ट्सच्या जहाजावरचे करारनामे १७२४ साली छापलेल्या चाच्यांच्या इतिहासात आहेत, आणि ते वाचून एखाद्या सहकारी संस्थेच्या सचिवाने कान पकडावेत. प्रत्येकाला मत. पैशांचा जुगार बंद. रात्री आठला दिवे विझवायचे, ज्याला पुढे प्यायची असेल त्याने उघड्या डेकवर जावे. लुटीत कप्तानाला आणि क्वार्टरमास्टरला दोन-दोन वाटे, बाकी मुख्य अधिकाऱ्यांना दीड किंवा सव्वा, खलाशाला एक. हात-पाय गेला तर सामाईक तिजोरीतून ८०० डॉलरची भरपाई. कप्तान निवडलेला, काढता येणारा. त्याचा शब्द लढाईत आणि पाठलागात अंतिम, पण वाटप आणि शिक्षा क्वार्टरमास्टरच्या हाती. राज्यघटनांमध्ये सत्ताविभाजनाची कलमे येण्याआधी हे चालू होते, आणि चालवणारे बहुतेक जण साध्या व्यापारी जहाजांवरचे माजी खलाशी होते.

माझ्या दृष्टीने हा शेवटचा तपशील निर्णायक आहे. तोच माणूस. व्यापारी जहाजावर तो कप्तानाचे फटके मुकाट सोसत होता, इथे तो कप्तानाला मतदानाने खाली उतरवतो. स्वभाव बदलला नाही, संस्कार बदलले नाहीत, धर्म तर नाहीच नाही. बदलली ती मालकी. व्यापारी जहाजाचा मालक लंडनला किंवा ब्रिस्टलला बसलेला; महिनोन्महिने नजरेआड असलेल्या माल-माणसांवर राखण ठेवायला त्याला हुकूमशहा कप्तान हवा होता. चाच्यांचे जहाज चोरलेले. मालक तेच, खलाशी तेच. दूरच्या मालकासाठी कोणाला राबवून घ्यायचे नाही, मग हुकूमशहाचा पगार कशाला द्यायचा? चांगुलपणाने काहीही समजावून सांगता येत नाही अशा ठिकाणी हा हिशेब लख्ख समजावतो. ज्यांना स्वराज्य म्हणजे आधी सुसंस्कृत माणसे आणि मग त्यांचे राज्य असे वाटते, त्यांनी हे जहाज एकदा पाहून यावे.

पण इथेच काही मंडळी उडी मारतात. लोकशाही चाच्यांना सरकारशिवाय जमली, मग सरकार हवे कशाला? लीसन स्वतः त्या दिशेने झुकतात, आणि त्यांच्या वाचकांपैकी अनेक जण पार तिकडेच राहतात. त्यांच्यासाठी आपल्याच किनाऱ्याजवळचा प्रसंग सांगतो. सप्टेंबर १६९५. हेन्री एव्हरी हा इंग्रज चाचा आणि त्याचे साथीदार यांनी औरंगजेबाचे 'गंज-ई-सवाई' हे जहाज सुरतेच्या वाटेवर गाठले. हजहून परतणारे यात्रेकरू त्यावर होते. लुटीचे वाटे चोख झाले. त्याआधी यात्रेकरूंचे जे हाल झाले, बायकांवर जे अत्याचार झाले, त्यांची वर्णने मोगल आणि इंग्रज दोन्ही बाजूंच्या कागदांत आहेत. चिडलेल्या मोगलांनी पुढे सुरतेच्या वखारीतल्या इंग्रजांना कैदेत टाकले. लीसन यांच्याशी प्रामाणिक राहायचे तर त्यांनी क्रौर्य लपवलेले नाही. दहशतीचा लौकिक झाला की पुढचा बळी लवकर तिजोरी दाखवतो, असा त्याचाही हिशेब ते मांडतात. मान्य. पण मग करारनामा वाचून टाळ्या वाजवण्याचे कारण उरत नाही. त्या जहाजावर मत कोणाला होते? ज्यांना वाटा होता त्यांना. त्या वाट्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचे खातेच त्या वहीत नव्हते.

हाच प्रश्न जरा सभ्य ठिकाणी विचारून पाहू. गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सांगितले की सामाईक कुरण उजाड होणारच, कारण प्रत्येक गुराखी एक जनावर वाढवणारच; उपाय म्हणजे सरकार, नाहीतर खासगी मालकी. त्यांच्या गुराख्यांना एक विचित्र शाप होता : ते एकमेकांशी बोलत नसत. एलिनॉर ऑस्ट्रम यांनी बोलणारे गुराखी शोधून काढले. स्वित्झर्लंडच्या टोर्बेल गावात १५१७ पासून नियम आहे की हिवाळ्यात स्वतःच्या वैरणीवर जितक्या गाई पोसता येतील तितक्याच उन्हाळ्यात डोंगरावर न्यायच्या. ऑस्ट्रम यांना २००९ चे नोबेल मिळाले, अर्थशास्त्रात ते मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. हार्डिन यांनीही पुढे मान्य केले की आपण बोलत होतो ते व्यवस्था नसलेल्या सामाईक मालमत्तेबद्दल.

आपल्याला टोर्बेलला जायची गरज नव्हती. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर, धुळे-नाशिक भागात, फड पद्धत तीनेकशे वर्षे चालली. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक, ते सर्वांनी मिळून ठरवायचे, आणि दरसाल फेरपालट. पाणी पाटकरी सोडतो, शेतकऱ्याने स्वतः दार उघडायचे नाही. पिकाची राखण जागल्या करतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही शेतकऱ्याच्या स्वातंत्र्याची गळचेपी वाटेल : माझ्या रानात काय पेरायचे ते गाव ठरवणार? पण युक्ती जमिनीच्या वाटणीत आहे. साधारणपणे प्रत्येक खातेदाराचा तुकडा प्रत्येक फडात असे. बंधाऱ्यात पाणी कमी असले की एखादा फड कोरडा ठेवायचा. मग कोणा एकाचे शेत जळत नाही, सगळ्यांचा थोडा-थोडा तुकडा जळतो. पाणी कमी आहे हे कबूल करायला कोणाचीच हरकत राहत नाही. पाणीवाटपातले सर्वांत अवघड भांडण, टंचाई कोणाच्या माथी मारायची, हे भांडण व्हायच्या आधीच मिटवलेले आहे. वरच्या अंगाला मोठी धरणे झाली, विहिरी आणि पंप आले, उसाने पाणी ओढले. ज्याच्याकडे स्वतःची विहीर त्याला पाटकऱ्याची गरज उरली नाही, आणि अनेक ठिकाणी फड मोडले. लोक बिघडले म्हणून नव्हे. बाहेर पडणे स्वस्त झाले म्हणून.

फडाची ही बाजू मला मनापासून आवडते, म्हणून दुसरी बाजूही लिहितो. फडात मत खातेदाराला. राबणाऱ्या भूमिहीनाला नाही. गोव्यातल्या गावकरी संस्था पोर्तुगीजांच्याही आधीच्या. १५२६ च्या फोराल सनदेने त्यांचे रिवाज लेखी झाले. खाजन जमिनींचे बांध आणि मानशी (पाण्याची दारे) सांभाळण्याचे त्यांचे काम अद्भुत होते. खारे पाणी भातात शिरू न देणे म्हणजे वर्षभर चिखल वाहणे आहे. पण झोण, म्हणजे उत्पन्नातला वार्षिक वाटा, मिळे ती मूळ गावकऱ्यांच्या पुरुष वंशजांना. चिखल वाहणारे पुष्कळसे हात त्या यादीत नव्हते.

मग तिसरा पूर्वपक्ष येतो, आणि तो महाराष्ट्रात अजून जिवंत आहे. जातपंचायत हेही स्वशासनच आहे, असे तिचे पंच म्हणतात. तंटे लवकर मिटतात, वकील लागत नाही, पोलिसांना पैसे चारावे लागत नाहीत. आणि गंमत अशी की ऑस्ट्रम यांनी यशस्वी संस्थांच्या ज्या खुणा सांगितल्या त्यांतल्या बऱ्याच तिला लागू पडतात : लहान, ओळखीचा गट, ठरलेली हद्द, एकमेकांवर नजर, स्वतःचे पंच, स्वतःच्या शिक्षा. तिचे हत्यारही अर्थशास्त्राच्या दृष्टीने अचूक आहे. वाळीत टाकायला तुरुंग लागत नाही, शिपाई लागत नाही. लग्नाला बोलावू नका, मयताला जाऊ नका, दुकानातून सामान देऊ नका, एवढे पुरते. अंमलबजावणीचा खर्च शून्याच्या जवळ. हे हत्यार इतके स्वस्त आहे म्हणूनच महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला. तो २०१७ पासून लागू आहे, तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद त्यात आहे.

म्हणजे अर्थशास्त्रीय विचार फड आणि जातपंचायत यांना एकाच सुरात 'कार्यक्षम' म्हणून मोकळा होतो का? काही अर्थशास्त्रज्ञ होतात, आणि विरोधकांना ते पुरेसे शस्त्र देतात. माझे मंडन असे आहे की हा फरक करण्याचे साधनही त्याच विद्येत आहे, ते वापरले मात्र जात नाही. जेम्स ब्युकॅनन आणि गॉर्डन टुलक यांनी १९६२ च्या 'द कॅल्क्युलस ऑफ कन्सेंट' या ग्रंथात सामूहिक निर्णयाचे दोन खर्च वेगळे केले. एक, निर्णय होईपर्यंतचा : बैठका, मनधरणी, वेळ. दुसरा, माझ्या मर्जीविरुद्ध इतरांनी निर्णय घेतला तर मला बसणारा फटका. एकट्याने ठरवले की पहिला खर्च नाहीसा होतो आणि दुसरा अफाट. सर्वांचा होकार लागतो तेव्हा दुसरा शून्य, पहिला अफाट. जातपंचायत स्वस्त आहे ती पहिल्या खर्चात. दुसरा ती ज्याच्यावर ढकलते तो बैठकीच्या मध्ये खाली मान घालून बसलेला असतो. त्याला मत नाही, आणि बाहेर पडायचे तर आईबाप, घर, सोयरीक सारे सोडून.

गडचिरोलीतल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे शंभरेक घरांचे गोंड गाव या कसोटीवर पाहण्यासारखे आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने निर्णय घेत नाही. सर्वसहमती लागते, एकाचाही विरोध असेल तर विषय पुढे ढकलायचा. दिल्लीतल्या कोणत्याही प्रशासनतज्ज्ञाला विचारा, तो सांगेल की असे गाव वर्षभरात ठप्प होईल. झाले नाही. पहिला खर्च त्यांनी दोन प्रकारे आटोक्यात ठेवला. गाव लहान. आणि अभ्यासगट वेगळा, ग्रामसभा वेगळी. अभ्यासगटात बाहेरचे जाणकारही येतात, वाटेल तितकी चर्चा होते, पण निर्णयाचा अधिकार नाही. ग्रामसभेत निर्णय होतो तेव्हा विषय आधीच चघळून झालेला असतो. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा, आणि खाते तो देईना. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे गेला.

सरकारशिवाय सर्व काही जमते म्हणणाऱ्यांनी हा तपशील चुकवू नये. अडवणारे सरकारच होते, हे खरे. पण गावाला तोंड वर करून भांडता आले ते आदिवासी भागांतल्या ग्रामसभांना अधिकार देणारा १९९६ चा पेसा आणि २००६ चा वनहक्क कायदा हातात होता म्हणून. बाहेरचा कायदा नसता तर ही सहमती एखाद्या गिरणीच्या किंवा ठेकेदाराच्या दारात संपली असती.

सर्वसहमतीवर रास्त आक्षेप आहे तो अडवणुकीचा : एकाने अडून बसून सगळ्यांना वेठीस धरायचे. शहरातल्या सोसायटीच्या पुनर्विकासात हे पाहिलेले लोक मेंढ्याच्या गोष्टीवर विश्वास ठेवत नाहीत. सोसायटीत अडून बसणारा उद्या फ्लॅट विकून जाऊ शकतो. मेंढ्यात त्याला उद्याही त्याच जंगलात, त्याच माणसांबरोबर बांबू तोडायचा असतो, म्हणून तो विचार करून अडतो. यावर कोणी म्हणेल की हाही दबावच झाला, जातपंचायतीसारखाच. दबाव आहेच. शेजाऱ्यांची मर्जी राखण्याचा दबाव नसलेले गाव मला कोणी दाखवू नये. पण एका ठिकाणी 'नाही' म्हटले की ठराव थांबतो, दुसऱ्या ठिकाणी 'नाही' म्हणणाऱ्याचा किराणा थांबतो. जातपंचायतीचे समर्थक परंपरेची आणि झटपट न्यायाची आकडेवारी घेऊन येतात तेव्हा त्यांना एवढेच विचारायचे : जातीबाहेर लग्न केलेल्या मुलीने बैठकीत उठून नकार दिला आणि त्या नकाराने ठराव बारगळला, असा एक तरी निवाडा तुमच्या वहीत आहे का?